बागेतलं औषध, ओहोळातलं पाणी आणि खाली नांदूरमध्यमेश्वर

कडवाकाठ (धागाकर्ता)

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांवर इथे धागे बरेच झाले. त्या पाण्यात वरून काय येतं यावर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय. मी द्राक्षवाला आहे, निफाड तालुका, निर्यातीचा माल. त्यामुळे फवारणीबद्दल जे लिहितोय ते ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र) चालवणाऱ्याच्या जागेवरून.

जागा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. गोदावरी आणि कडवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. मागे गाळ साचत गेला, गाळाची बेटं झाली, त्यावर पाणकणीस आणि लव्हाळा माजला, आणि सिंचनासाठी अडवलेल्या पाण्याची बघता बघता पाणथळ झाली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळांची यादी) नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. क्षेत्र १४३७ हेक्टर. देवळाली मिनो नावाचा अतिसंकटग्रस्त मासा या जागेच्या नोंदीत आहे, पण रोहित पक्ष्यांच्या फोटोंपुढे त्याला कोण विचारतो! रामसरच्या छोट्या परिचयात धोके दिलेत ते असे: जलपर्णी, विकासकामं, पाण्याचा उपसा, वाढती लोकसंख्या. फवारणीचा उल्लेख नाही.

आता नदीच्या वरच्या अंगाला या. कडवा दिंडोरीकडून येते, पालखेडचं धरण ओलांडते आणि निफाडात उतरते. दोन्ही काठांना द्राक्ष, टोमॅटो, कांदा, ऊस. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की डोळे फुटताना उडद्या, मग तुडतुडे, फुलकिडे, आणि या सगळ्या किडींची थोरली बहीण डावणी, बुरशीचा रोग. पुढे थंडीत भुरी. पाऊस रेंगाळला तर दिवसाआड औषध, कधी रोज. ढग दिसले की आधी एक हात, पाऊस उघडला की चिखलातून ट्रॅक्टर घालून दुसरा. डावणी घडात शिरली की वर्ष गेलं. 'कमी मारा' असं सांगणाऱ्याने एकदा नोव्हेंबरच्या ढगाळ हवेत, सोसायटीचं कर्ज डोक्यावर घेऊन, एकरभर बाग राखून दाखवावी.

पण मेख इथेच आहे. पानावर सगळ्यात जास्त औषध ज्या दिवसांत असतं, नेमके त्याच दिवसांत ओहोळ वाहतात.

माझ्या घडांचा नमुना परदेशी जाण्याआधी शेकडो रसायनांसाठी तपासला जातो. २०१० साली सीसीसीच्या (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखणारं औषध) अंशामुळे युरोपात कंटेनर अडकले, ते वर्ष इथला कुणी विसरलेला नाही. त्यानंतर आम्ही शहाणे झालो. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यात सोडायचे दिवस) घराघरात पाठ आहे. अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीवर पेटीचा माग थेट प्लॉटपर्यंत लागतो. म्हणजे रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाच्या पोटात काय जाणार ते मिलिग्रॅममध्ये ठाऊक, आणि बागेच्या खालच्या बाजूच्या ओहोळात काय जातं ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही, सरकारलाही नाही.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, कीटकनाशकांची यादी आहे. नावं वाचा: डीडीटी, एन्डोसल्फान, फोरेट, मोनोक्रोटोफॉस, मॅलॅथिऑन, अ‍ॅट्राझिन... निम्मी यादी बंद झालेल्या औषधांची. किडींवरचं आजचं औषध इमिडाक्लोप्रिड त्यात नाही. डावणीवर जे आम्ही मारतो त्यातलं तर काहीच नाही. पाणी 'मानकानुसार' निघालं तरी त्याचा अर्थ एवढाच की आजोबांच्या काळातली औषधं त्यात नाहीत.

आता एक जागा दाखवतो, आमच्या शिवारात कुठेही सापडेल. विहिरीशेजारी हौद, त्याला लागून दोनशे लिटरचा ड्रम. ड्रमात पाईप सोडलेला, त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं. पुडी दाताने फाडायची, काठीने ढवळायचं. फोन आला की ड्रम भरून वाहतो आणि फेस चारीला लागतो. चारीतले दगड मोरचुदाने निळसर झालेले. मध्येच लाईट गेली तर तेच पाईप ड्रमातलं पाणी उलटं ओढून घेतं, फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या बुडाची झडप) गळका असेल तर थेट विहिरीत. संध्याकाळी टाकी विसळतात ती तिथेच. रिकामी बाटली काटेरी कुंपणावर. ही चारी ओहोळाला मिळते, ओहोळ कडवेला, आणि कडवा कुठे जाते ते वर सांगितलंच.

एक साधा हिशेब मांडतो. युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएलच्या (बाटलीतल्या द्रव औषधाच्या) एका मिलिलिटरमध्ये साधारण ०.२ ग्रॅम मूळ औषध असतं. ते त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला पाणी लागतं वीस लाख लिटर. तीस बाय तीस बाय तीन मीटरचं, उतरत्या बाजूंचं, जवळपास एक आख्खं शेततळं. बाटलीच्या बुडाशी राहिलेल्या एका मिलिलिटरसाठी!

माझं म्हणणं एवढंच की पानावरचं औषध कमी करणं अवघड आहे, पण ड्रमाजवळचं आणि चारीतलं थांबवणं आपल्या हातात आहे. त्यासाठी रामसर, मंत्रालय, कुणाची वाट बघायला नको. तुमच्याकडे कुणी काही केलंय का? नुसतं 'सेंद्रिय करा' लिहिणार असाल तर राहू द्या.

पाखरवेडा

धागा उत्तम, पण रोख चुकला असं वाटतं. गोदावरीतून नाशिक शहराचं सांडपाणी येतं. जलपर्णी माजते ती त्या खतावर. हिवाळ्यात चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर उभं राहिलं की निम्मं पाणी हिरव्या गालिच्याखाली गेलेलं दिसतं. शहराला सोडून शेतकऱ्याला धरायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

कडवाकाठ

पाखरवेडा, शहराचं पाणी गोदावरीतून येतं. कडवेच्या वरच्या बाजूला नाशिक नाही, तिथे आम्हीच आहोत. आणि सांडपाण्यावर ओरडायला निदान कायदा आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांत उद्योगांचं, शहरांचं, गावांचं प्रक्रिया न केलेलं पाणी सोडायला बंदी आहे. शेतातून पावसाबरोबर येतं त्याला ना पाईप, ना मालक. नोटीस कुणाच्या नावाने काढणार?

संन्याशाबद्दल म्हणाल तर, मी संन्यासी नाही. माल विकतो.

बांधावरचा_आंबा

आता येतील सगळे पुण्या-मुंबईचे शहाणे, काठाला पाच मीटर पट्टा सोडा म्हणत. भाऊ, निफाडात जमिनीचा भाव विचारा आधी. पाच मीटर म्हणजे द्राक्षाच्या दोन ओळी जातात. त्या दोन ओळींचं उत्पन्न कोण देणार, पाणकोंबड्या?

उघडा_डोळे

+१ बांधावरचा_आंबा

मृगजळ

पाणथळीतल्या रसायनांवर काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर.

औषध पाण्यात गेलं की त्याच्या दोन वाटा होतात. पायरेथ्रॉइड गटातली, उदाहरणार्थ लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, मातीच्या कणाला घट्ट चिकटतात आणि गाळाबरोबर प्रवास करतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांच्यासारखी पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर जातात. पहिल्या प्रकाराला अडवायचं तर पाण्याचा वेग मोडावा लागतो, गाळ बसला की औषधही बसतं. दुसऱ्याला वेळ लागतो: ऊन, वनस्पतींच्या खोडांवरचा शेवाळी थर, त्यातले जीवाणू. स्वच्छ उथळ पाण्यात उन्हाने इमिडाक्लोप्रिड बऱ्यापैकी लवकर तुटतं. वर जलपर्णीचं झाकण असलं तर ऊनच पोचत नाही. म्हणून पाणकणीस, लव्हाळा, देवनळ या उभ्या वाढणाऱ्या वनस्पती कामाच्या, जलपर्णी नाही. दोन्ही हिरवंच दिसतं हा भाग वेगळा.

तिसरी गोष्ट मोरचूद. तांबं हे मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन होतच नाही. बोर्डोतलं (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) तांबं मातीत साठतं, माती वाहिली की गाळात साठतं. आणि नांदूरमध्यमेश्वर म्हणजे सगळा गाळच.

त्यामुळे 'पाणथळ पाणी शुद्ध करते' हे वाक्य मला जपून वापरावंसं वाटतं. करते, पण स्वतःच्या अंगावर घेऊन. रामसर जागेला आपल्या तालुक्याचं गाळणं बनवायचं का, हा प्रश्न आहे. गाळणं वर हवं, चारीच्या तोंडाशी, लहान लहान.

दक्षिण आफ्रिकेत केपजवळ लॉरेन्स नावाची नदी आहे, काठाला फळबागा. तिच्या एका उपओढ्यावर छोटी पाणथळ करून आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी तपासलं गेलं. बागेतलं अझिनफॉस-मिथाइल बाहेर पडताना खूपच कमी झालेलं होतं. अमेरिकेत मिसिसिपीत शेतातल्या साध्या गवताळ चाऱ्यांवर असेच प्रयोग झाले आणि निष्कर्ष त्याच दिशेचे. त्यातलं काहीही महागडं नव्हतं. चारी स्वच्छ करायची नाही, एवढंच!

बांधावरचा_आंबा

चारी तुंबली की पाणी बागेत शिरतं मॅडम. आमची काळी जमीन, आधीच चिबडायला आलेली. मुळ्या सडल्या तर?

मृगजळ

बरोबर आहे, म्हणून सगळी चारी नाही. वरचा भाग साफ ठेवा. ओहोळाला मिळण्याआधीचा शेवटचा तुकडा थोडा रुंद आणि उथळ करा, आणि तिथलं पाणकणीस उपटू नका. पाणी मागे फुगणार नाही इतका उतार ठेवायचा. वर्षाआड गाळ काढावा लागेल, आणि तो गाळ बागेत टाकायचा नाही.

शंकासुर

सगळं ऐकायला छान. पण मासे मेले का? पक्षी कमी झाले का? दरवर्षी गणनेत हजारो पाखरं मोजतात की. एखादा आकडा द्या, नाहीतर हे सगळं हवेतलं.

लाइपझिशकर

शंकासुर, आकडा देतो, पण इथला, जर्मनीतला. २०१८ आणि २०१९ साली इथे शेतातल्या लहान ओढ्यांची पाहणी झाली, शंभराहून जास्त ठिकाणी. आमच्या गावातली पर्यावरण संशोधन संस्था आणि इथलं केंद्रीय पर्यावरण कार्यालय यांनी मिळून केली. ८१ टक्के ओढ्यांत निदान एका कीटकनाशकाने ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली होती. लक्षात घ्या, हा देश असा की फवारणी करणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं आणि पंपाची दर तीन वर्षांनी तपासणी होते.

त्या पाहणीतली खरी कामाची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी पाऊस पडला की आपोआप नमुना घेणारी यंत्रं ओढ्यात बसवली. कारण ठरलेल्या तारखेला जाऊन बाटली भरली तर पाणी बहुतेक वेळा निर्दोषच निघतं. औषध येतं ते पहिल्या सरीच्या लोंढ्याबरोबर, काही तासांत, आणि निघून जातं. तुमच्याकडे 'तपासलं, काही निघालं नाही' असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, पाऊस कधी पडला होता आणि बाटली कधी भरली.

आणि मासे मरायची वाट बघू नका. त्याआधी तळातले किडे जातात. इथे 'स्पिअर' नावाचा निर्देशांक वापरतात: ओढ्यातल्या दगडाखालच्या जीवांपैकी औषधाला हळवे किती उरलेत ते मोजायचं. प्रयोगशाळा नसली तरी अंदाज येतो.

शेवटी बांधावरचा_आंबा यांच्यासाठी: २०२१ पासून इथे ओढ्यापासून दहा मीटरपर्यंत फवारणीला बंदी आहे, काठावर कायमचं गवत राखलं तर पाच मीटर. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले होतेच. तुमच्याइतकेच चिडलेले.

पाखरवेडा

किड्यांचं पटलं. नाशिकबाहेरच्या एका ओहोळावर लहानपणी निवळ्या पाण्यावर नुसत्या नाचायच्या, आता हुडकाव्या लागतात. अर्थात त्याला दहा कारणं असतील.

पक्ष्यांचं म्हणाल तर गणनेतले हजारो हे बरेचसे बाहेरून आलेले. सैबेरियातून आलेल्या थापट्याचं पोट कसं भरतं यावरून कडवेची तब्येत कशी कळणार? इथेच अंडी घालणारे, किड्यांवर पिल्लं वाढवणारे मोजायला हवेत. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली. त्यांची मोजदाद पावसाळ्यात करावी लागते, आणि पावसाळ्यात मनोऱ्यावर चिटपाखरू नसतं (फोटोवाल्यांपैकी म्हणतोय).

मृगजळ

पाखरवेडा यांच्या मुद्द्याला जोड. जपानमध्ये शिंजी नावाचं सरोवर आहे, भोवती भातशेती, तेही रामसर. १९९३ मध्ये तिथल्या भातात निओनिकोटिनॉइड, म्हणजे इमिडाक्लोप्रिडच्या घराण्यातली औषधं, वापरात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या सुमारापासून पाण्यातले सूक्ष्म प्राणी कोसळले आणि त्यांच्यावर जगणारा वाकासागी मासा वर्षाला सरासरी २४० टनांवरून २२ टनांवर आला. मासा विषाने मेला नाही, उपाशी मेला असं त्यांचं म्हणणं. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं सिद्ध होत नाही, ते अभ्यासकांनाही ठाऊक आहे. पण शंकासुर, त्यांच्याकडे जुन्या नोंदी होत्या म्हणून निदान वाद तरी घालता येतो. आपल्याकडे वाद घालण्यापुरताही आकडा नाही.

शंकासुर

हे मान्य. 'आकडा नाही' म्हणजे 'त्रास नाही' नव्हे. पण 'त्रास आहेच' असंही नव्हे, एवढं लिहून ठेवा.

सुगरणकाकू

मला एवढंच सांगा, कडवेची मरळ खायची की नाही?

मृगजळ

काकू, डीडीटीच्या पिढीतली औषधं चरबीत साठायची, एका जीवातून दुसऱ्यात वाढत जायची. आताची बहुतेक तशी साठत नाहीत. मरळीपेक्षा मरळ जे खाते त्याची काळजी जास्त. फक्त औषध मारल्यानंतर पहिल्या पावसात तरंगलेला, झिंगलेला मासा उचलून आणत असतील कुणी, तर तो मुळीच नको.

औषधवाला

माझं कृषी सेवा केंद्र आहे, गाव सांगत नाही. दोन शब्द आमच्या बाजूने.

प्रत्येक बाटलीवर त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा. सोबत घडीचं पत्रक असतं, त्यात जलचरांना विषारी आहे, पाण्याजवळ धुऊ नका, रिकामा डबा फोडून पाण्यापासून लांब पुरा, सगळं असतं. अक्षर एवढं बारीक की मलाच भिंग लागतं. शेतकरी पत्रक काउंटरवरच टाकून जातो. त्याला विचारायचं असतं एकच: 'पंपाला किती?' आणि दुसरं, उधारी लिहिणार का.

थिमेट (म्हणजे फोरेट) गेलं, डायक्लोरव्हॉस गेलं, २०२० च्या शेवटी या दोन्हींसकट सहा औषधं बंद झाली. लोकांनी आठ दिवस कुरकुर केली आणि दुसरं घेतलं. बंदीने शेती बसत नाही हे मी दुकानदार असून सांगतो. पण ज्याची बंदी होते ते जुनं, स्वस्त. नवीन येतं ते ग्रॅममध्ये मारायचं. लोकांना वाटतं ग्रॅम म्हणजे सौम्य. वरचा शेततळ्याचा हिशेब छापून दुकानात लावतो, हरकत नसेल तर.

बाटल्या परत घ्यायला कंपनीचा माणूस येत नाही. आले तर मी पोतं ठेवायला तयार आहे.

कडवाकाठ

लावा की, हरकत कसली. ठळक अक्षरात लावा.

कापूसकोंड्या

यवतमाळ. आमच्याकडे द्राक्षासारखं ग्रेपनेट नाही, युरोप नाही, म्हणून घड काय आणि बोंड काय, कुणी तपासत नाही. २०१७ मध्ये कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात. तेव्हा मास्क वाटले, चष्मे वाटले, फोटो झाले. पाठीवरचा पंप मात्र अजून नाल्यातच धुतात. मजूर संध्याकाळी हातपाय त्याच नाल्यात धुतो, खालच्या वळणावर बैल पाणी पितो. तुमचा धागा पाखरांसाठी असेल, आमच्याकडे आधी माणसांचं बघावं लागेल. उपाय मात्र एकच दिसतो, धुण्याची जागा पाण्यापासून हलवा. म्हणून लिहिलं.

कालवाकाठी_कोपरगाव

आणि आम्ही कुठे? गोदावरीचे डावा-उजवा दोन्ही कालवे नांदूरमध्यमेश्वरहूनच निघतात. कोपरगाव, राहाता, पुढे जलदगती कालव्याने वैजापूर-गंगापूर. आवर्तन सुटलं की गावोगावचे साठवण तलाव भरतात, तेच नळाला. वरच्यांनी खालच्यांना पाणी किती द्यायचं यावर दरसाल भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात. पाण्यासोबत काय देताय हे विचारायचं आजवर कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

बांधावरचा_आंबा

पट्ट्याबद्दल मी चिडून लिहिलं ते मागे घेत नाही, पण एक गोष्ट खरी आहे ती सांगतो. आमच्या ओहोळाची नकाशातली रुंदी आणि आजची रुंदी यात फरक आहे. बापजाद्यांनी दरसाल एकेक तास आत नांगरला. त्यात जलयुक्त शिवारच्या वेळी जेसीबी आला, काठावरची करंज, शिंदी, गवत खरवडून नाला सरळ केला. खोलीकरणाने विहिरींना पाणी वाढलं हे नाकारणार नाही. पण आता पाऊस पडला की पाणी थांबतच नाही, बागेतलं उचलून सरळ नदीत. म्हणजे पट्टा मागतात तो काही माझ्या सातबाऱ्यातलाच असेल असं नाही. मोजणी मागवायची हिंमत मात्र कोण करणार, पहिला बांध माझ्याच चुलत्याचा फुटेल.

उघडा_डोळे

+१००. चुलत्यांवर वेगळा धागा काढा.

लाइपझिशकर

कडवाकाठ, औषध कालवायच्या जागेसाठी एक सुचवतो. १९९३ मध्ये स्वीडनमध्ये एक साधी युक्ती निघाली, मग युरोपभर पसरली. खड्डा करायचा, त्यात अर्धा भाग गव्हाचं काड, पाव भाग पीट (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा थर), पाव भाग माती, वर गवत. पंप त्याच्यावरच भरायचा, त्याच्यावरच विसळायचा. सांडलेलं औषध काडात अडकतं आणि काड कुजवणारी बुरशी-जीवाणू त्याचं विघटन करतात. पीट तुमच्याकडे मिळणार नाही, काही देशांत त्याऐवजी कंपोस्ट वापरतात.

कडवाकाठ

काडाऐवजी उसाचं पाचट चालेल असं दिसतंय, ते इथे फुकट आहे, नाहीतर पेटवूनच देतात. पीटऐवजी मुरलेलं कंपोस्ट. तळाला शेततळ्याचा जुना कागद, म्हणजे विहिरीकडे झिरपणार नाही. पावसाचं पाणी भरू नये म्हणून वर पत्रा टाकावा लागेल. आणि ड्रमातला पाईप वीतभर वर टांगायचा, लाईट गेली तर हवा ओढेल, औषध नाही. याला खर्च सुतळीचा.

मोरचूद मात्र त्या खड्ड्यात घालायचा नाही ना? बुरशीच मरेल.

मृगजळ

अगदी बरोबर. तांबं तिथे कुजणार नाही आणि खड्ड्यालाही निकामी करेल. बोर्डोचं विसळलेलं पाणी परत टाकीत घ्या आणि बागेच्या शेवटच्या ओळीवर मारून संपवा. खरं तर सगळ्याच औषधांच्या बाटल्या तीन वेळा विसळून ते पाणी टाकीतच ओतायला हवं. पैसे दिलेलं औषध आहे ते.

औषधवाला

हे शेवटचं वाक्य पण छापतो. जलचरांच्या काळजीने कुणी विसळणार नाही, पैशाच्या काळजीने विसळतील.

शंकासुर

खड्डा करा, पाणकणीस राखा, सगळं करा. पण आधी आणि नंतर तपासल्याशिवाय मला काही सांगू नका. खर्चाचं काय ते बोला, मी वर्गणी देतो. थट्टा नाही.

मृगजळ

मग नीट करू. नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, प्लास्टिक नको, काही औषधं प्लास्टिकला चिकटतात. भरल्याबरोबर बर्फात आणि लगेच प्रयोगशाळेत. घडांचे अंश तपासतात तशा ठिकाणी पाणीही घेतात का ते आधी विचारून ठेवा. चारी ओहोळाला मिळते त्याच्या वर एक, खाली एक, आणि छाटणीनंतरच्या पहिल्या जोरदार सरीत, पाणी गढूळ व्हायला लागल्याबरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. गाळाचा वेगळा नमुना, त्यात तांबं आणि पायरेथ्रॉइड बघायचे.

बांधावरचा_आंबा

सर रात्री दोनला आली तर?

कडवाकाठ

रात्री दोनला मी तसाही जागाच असतो, डावणीच्या नावाने. बाटल्या मी आणतो. शंकासुर, वर्गणीचं व्यक्तिगत निरोपात बोलू. दिंडोरीकडचं कुणी आहे का इथे? कडवेचा वरचा नमुना पालखेडच्या वरून घ्यावा लागेल, नाहीतर सगळं बिल निफाडच्या नावावर फाटायचं.